सवय माणसाची, सोय समाजाची

(महासाथीच्या अनुभवाच्या प्रकाशात कर्करोग-प्रतिबंधाचा विचार करण्यासाठी परळ येथे भरलेल्या कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे : 'महासाथीच्या काळात कर्करोग टाळण्यासाठी आणि कर्करोगातून उठलेल्या माणसांसाठी आरोग्यदायी सवयी.' हा विषय वाचून आपल्यापैकी काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. हे काम डॉक्टरांचे. पक्षाच्या अभ्यासवर्गात त्याचे काय प्रयोजन, असे त्यांना वाटले असेल. मी डॉक्टर नाही, आणि डॉक्टरांचे काम करण्याचा माझा मानसही नाही. परंतु माणसाने काय खावे, किती चालावे, कोणते व्यसन सोडावे आणि केव्हा तपासणी करून घ्यावी, हे सांगून जेथे वैद्यकशास्त्र थांबते, तेथून पुढे एक प्रश्न सुरू होतो. हे सारे करणे त्या माणसाला शक्य आहे काय, हा तो प्रश्न. तो राजकारणाचा आहे, आणि म्हणून तो आपला आहे.

ज्या भागात आपण बसलो आहोत, तेथे हा प्रश्न रस्त्यावर येऊन पडलेला असतो. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय या गिरणगावात उभे राहिले. तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे येतात. ज्यांना धर्मशाळेत जागा मिळत नाही आणि भाड्याची खोली परवडत नाही, ती पदपथावर पथारी टाकतात. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. रेल्वे थांबल्या, एस.टी. थांबली, खाणावळी बंद झाल्या. त्या काळात कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग येथल्या पदपथांवर आणि हिंदमाताच्या उड्डाणपुलाखाली अडकून पडले होते. गावी परतता येईना आणि उपचार सोडवतही नव्हते. त्याच दिवसांत आकाशवाणीवरून, दूरचित्रवाणीवरून, प्रत्येक दूरध्वनीच्या आरंभी वाजणाऱ्या सूचनेतून उपदेश चालू होता : घरी राहा, वारंवार हात धुवा, अंतर राखा. त्याच्या जोडीला सकस आहार घ्या, व्यायाम करा, असेही सांगितले जात होते.

हा उपदेश चूक होता असे मी म्हणत नाही. तो बरोबरच होता. ज्याचे रक्त औषधांनी क्षीण झाले आहे अशा रुग्णाला तर तो इतरांहून अधिक लागू होता. पण ज्याला घर नाही त्याने कोठल्या घरी राहावे, नळ नाही त्याने हात कोठे धुवावेत, आणि दुपारी कोणी आणून देईल ते खाणाऱ्याने सकस आहार कोणाकडे मागावा, याचे उत्तर त्या उपदेशात नव्हते. सवय माणसाची असते हे खरे. परंतु ती सवय लागण्यासाठी जी सोय लागते ती समाजाने करायची असते. आज मला एवढेच सांगायचे आहे. पुढचे सारे या एका विधानाचे स्पष्टीकरण आहे.

न दिसलेले रोगी

प्रथम महासाथीत काय घडले ते पाहू. देशातील ४१ कर्करोग केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची आकडेवारी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिली, आणि तो अभ्यास २०२१ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१९ च्या त्या तीन महिन्यांत या केंद्रांत १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ५१,७६० नोंदले गेले. म्हणजे घट ५४ टक्क्यांची. मोठ्या शस्त्रक्रिया जवळजवळ निम्म्याने घटल्या. फेरतपासणीसाठी येणारे ४६ टक्क्यांनी कमी झाले. लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग हुडकून काढणारी आगाऊ तपासणी तर बहुसंख्य केंद्रांत एक तर बंद पडली किंवा नाममात्र उरली.

मित्रहो, या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्या. त्या तीन महिन्यांत कर्करोग निम्मा झाला नव्हता. स्तनातली गाठ टाळेबंदी पाळत नाही. जिभेवरची जखम रेल्वे सुरू होण्याची वाट पाहत नाही. रोग होता तेथेच होता, वाढत होता. फक्त तो दिसत नव्हता. साठ हजारांच्या आसपास माणसे जी त्या तीन महिन्यांत डॉक्टरांपुढे यायची ती आली नाहीत. त्यांतली काही पुढे उशिराने आली असतील, काही कधीच आली नसतील. साथीच्या बळींची गणना रोज संध्याकाळी होत होती. या माणसांची गणना करणारे कोणी नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. कर्करोगाची आणीबाणी मात्र चालूच आहे. २०२२ या एका वर्षात भारतात १४ लाखांहून अधिक लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लाखांहून अधिक लोक त्याने दगावले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. स्तनांचा, तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा, हे आपल्याकडील तीन प्रमुख कर्करोग. यांतील तोंडाचा बहुतांशी टाळता येतो, गर्भाशयमुखाचा टाळताही येतो आणि वेळीच पकडताही येतो, आणि स्तनांचा लवकर सापडल्यास बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. म्हणजे ज्या रोगांनी आपली माणसे सर्वाधिक मरतात, तेच रोग मोठ्या प्रमाणावर आवाक्यातले आहेत. ही खेदाची गोष्ट आहे, तशीच आशेचीही.

चंचीतला शत्रू

सवयींमध्ये पहिला क्रमांक तंबाखूचा. पाने वाळवताना आणि मुरवताना तंबाखूत नायट्रोसामाइन जातीची रसायने तयार होतात आणि ती कर्करोगकारक आहेत. आपल्या महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू चघळणारे आणि दातांना लावणारे कितीतरी जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील दर चार प्रौढांमागे साधारण एक जण कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होता. धूर निघत नाही म्हणून ही तंबाखू निरुपद्रवी, असा समज खेड्यापाड्यांत आहे. तो साफ चुकीचा आहे. सकाळी तव्यावर भाजून दातांना मशेरी लावणारी माउली स्वतःला व्यसनी समजत नाही. ती दात घासत असते. परंतु हिरडीला आणि गालाच्या आतल्या कातडीला हा फरक कळत नाही. सुपारीचेही तसेच. ती स्वतंत्रपणे कर्करोगकारक असल्याचा निर्णय त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने दिलेला आहे.

महासाथीने या बाबतीत एक अपूर्व संधी आणून दिली होती. १५ एप्रिल २०२० च्या केंद्रीय आदेशाने सार्वजनिक जागी थुंकणे दंडनीय ठरले आणि दारू, गुटखा, तंबाखू यांच्या विक्रीवर बंदी आली. टपऱ्या बंद, खिसा रिकामा, आणि थुंकणाऱ्याकडे शेजारीपाजारी संशयाने पाहणारे. व्यसन सुटायला याहून अनुकूल काळ कोणता? अनेकांची तंबाखू काही आठवडे सुटलीही. परंतु सुटलेली तंबाखू सुटलेलीच राहावी यासाठी जो आधार लागतो, तो कोणी उभा केला? तलफ आल्यावर हात थरथरतो, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो, हे काही त्याच्या चारित्र्याचे वैगुण्य नव्हे. निकोटिनचा तो शरीरधर्म आहे. त्यावर औषधे आहेत, समुपदेशन आहे. १८००-११-२३५६ हा सरकारचा निःशुल्क दूरध्वनीही २०१६ पासून आहे. वस्तीतल्या किती जणांना तो ठाऊक होता? बंदीने माल चोरवाटेने आणि चढ्या भावाने येऊ लागला. आणि ४ मे २०२० रोजी अनेक राज्यांत दारूची दुकाने उघडली तेव्हा त्यांच्यापुढे लागलेल्या रांगा देशाने पाहिल्या. लसीचा तेव्हा पत्ता नव्हता, शाळा बंद होत्या. परंतु अबकारी उत्पन्नाला वाट करून देणे शासनांना तातडीचे वाटले. मद्य हे कर्करोगाचे कारण आहे हे शास्त्राने १९८८ सालीच नोंदवून ठेवले आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, स्तन आणि मोठे आतडे यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. शासनाच्या तिजोरीचा एक मोठा आधार असा रोग्यांच्या खाटेवर टेकलेला असावा, याची खंत वाटली पाहिजे.

येथे थोडे आत्मपरीक्षण करू या, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे असते. आपल्या सभांत, मोर्चांत, युनियनच्या कचेरीत चंची एका हातातून दुसऱ्या हातात फिरत आलेली आहे. मळलेल्या तंबाखूच्या चिमटीने ओळख होते, जात विसरली जाते, अंतर मिटते, असे आपण कौतुकाने सांगतही आलो. ते खोटे नव्हते. पण त्या स्नेहाची किंमत आपल्याच सहकाऱ्यांच्या जबड्यांनी चुकवली, हेही खोटे नाही. ज्या चळवळीने उपासतापास सोसले, तुरुंग सोसले, तिला आपल्या कचेरीच्या दारावर 'आत तंबाखू नको' एवढी पाटी लावता येऊ नये?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. सोलापूरसारख्या शहरांत हजारो स्त्रियांचे पोट विडी वळण्यावर चालते. त्यांच्या किमान वेतनासाठी, घरांसाठी कामगार चळवळ लढली आणि तिने लढलेच पाहिजे होते. १९६६ चा विडी-कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधीचा कायदा ही त्या लढ्यांची मिळकत आहे. परंतु दिवसभर तंबाखूच्या भुकटीत बसणारी ही बाई स्वतः त्या धंद्याची पहिली बळी आहे. विडीवरचा कर वाढला की कारखानदार तिलाच ढालीसारखी पुढे करतो. म्हणून आपली भूमिका दुहेरी हवी. विडी संपली पाहिजे, आणि विडी वळणारीचे पोट त्याआधी दुसऱ्या कामाने भरले पाहिजे. यांपैकी एकच अर्धे बोलणारा एक तर तिच्या आरोग्याचा शत्रू ठरतो, नाही तर तिच्या चुलीचा.

ताटातली भाजी

आता आहार. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, माणसाने दिवसाकाठी किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत, मीठ ५ ग्रॅमहून कमी असावे, साखर आणि तळकट बेताने घ्यावे. कडधान्ये, कोंड्यासकट धान्य, पालेभाजी हा आपला जुना आहार याच्याशी जुळणारा आहे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी आणि वर एखादे पेरू-केळे. याहून महाग असे कर्करोग-प्रतिबंधक अन्न विलायतेतही नाही.

परंतु महासाथीत गरिबाच्या ताटात काय होते? एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबाला १ किलो डाळ मोफत मिळू लागली. या धान्याने उपासमार टळली, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या पिशवीत भाजी नव्हती, तेल नव्हते, दूध नव्हते. त्याच वेळी शेतकऱ्याची भाजी बाजारपेठेअभावी बांधावर कुजत होती. एकीकडे भाजीवाचून ताट आणि दुसरीकडे ताटावाचून भाजी, असे हे अर्थशास्त्र आहे!

हे टाळता येते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हे केंद्र काढले. अंगमेहनत करणाऱ्याला ना नफा तत्त्वावर पोटभर, स्वच्छ, साधे जेवण देणारी ही चळवळीची स्वतःची खाणावळ होय. २६ जानेवारी २०२० पासून राज्य शासनाने शिवभोजन थाळी सुरू केली : दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात, दहा रुपयांत. टाळेबंदीत तिची किंमत पाच रुपये करण्यात आली. सरकार कोणत्या पक्षाचे होते हा मुद्दा येथे गौण आहे. सार्वजनिक पैशातून गरिबाच्या ताटात भाजी घालता येते, हे त्या थाळीने सिद्ध केले. ज्याला सवय म्हणतात तिची सुरुवात अशी होते.

आहाराविषयी एक इशारा दिला पाहिजे. २०२० साली रोगप्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली काढे, चूर्णे आणि गोळ्या यांचा प्रचंड बाजार भरला. कर्करोगाच्या रुग्णाच्या दारात तर असा बाजार बारमाही भरलेला असतो. कोणी सांगतो साखर बंद करा म्हणजे गाठ उपाशी मरेल, कोणी सांगतो अमुक पाल्याचा रस प्या म्हणजे केमोथेरपीची गरज नाही. मित्रहो, कोणतेही एक फळ, एक मूळ वा एक काढा कर्करोग बरा करीत नाही. सकस आहार उपचार सोसण्याचे बळ देतो. उपचाराची जागा घेत नाही. ज्या घरात रुग्ण आहे तेथे हे ठामपणे सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे, कारण त्या घरातली शेवटची सोन्याची पुतळी बहुधा अशाच बाजारात जाते.

एका पुस्तिकेची गोष्ट

व्यायामाविषयी मी एक अलीकडचा पुरावा सांगतो, कारण आजच्या माझ्या विधानाला याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी करून उठलेल्या ८८९ रुग्णांवर, मुख्यत्वे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात, एक दीर्घ चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांचे दोन गट केले होते. आरोग्यदायी आहार आणि व्यायाम यांचे महत्त्व सांगणारे छापील साहित्य दोन्ही गटांना दिले. एका गटाला एवढ्यावरच सोडले. दुसऱ्या गटाला त्याशिवाय तीन वर्षे मार्गदर्शक दिला, जो भेटत होता, व्यायाम आखून देत होता, खंड पडला तर विचारपूस करीत होता. आठ वर्षांनंतर पाहिले तेव्हा मार्गदर्शक मिळालेल्या गटातील शंभरांमागे सुमारे ९० जण हयात होते, आणि नुसते छापील साहित्य मिळालेल्या गटातील सुमारे ८३.

शंभरांत सात माणसे! पुस्तिका दोघांच्याही हाती होती. ज्ञान दोघांनाही सारखेच होते. फरक होता तो सोबतीचा. जे लोक म्हणतात की, गरिबाला आरोग्याचे शिक्षण दिले म्हणजे शासनाचे कर्तव्य संपले, त्यांनी ही चाचणी वाचावी. उपदेशाच्या शेजारी व्यवस्था उभी राहते तेव्हाच उपदेशाला फळ येते, हे येथे मोजून दाखवलेले आहे.

निरोगी प्रौढाने आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे झपाट्याने चालण्याइतका व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे ऐन महासाथीत, सांगितले. कोणी म्हणेल, हमालाला आणि मोलकरणीला कसला व्यायाम सांगता? त्यांना खरोखर विश्रांती सांगितली पाहिजे. परंतु शिवणयंत्रावर बारा तास बसणारी स्त्री, रिक्षा चालवणारा तरुण, कचेरीतला कारकून आणि टाळेबंदीने घरात कोंडला गेलेला म्हातारा यांना तो लागू आहे. आता प्रश्न : चालायचे कोठे? दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे असताना? उद्याने तेव्हा कुलूपबंद होती, आणि एरवी तरी आपल्या वस्त्यांजवळ उद्याने आहेत कोठे?

परळमध्ये हा प्रश्न विचारताना त्यामागचा इतिहास आठवतो. गिरण्यांच्या जमिनीबाबत १९९१ च्या विकास नियमावलीत तरतूद होती की, पुनर्विकास करताना साधारण एक-तृतीयांश जमीन सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकांकडे. २००१ साली नियम बदलून ही वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरवली गेली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला. ज्या मैदानांवर आज गिरणी कामगारांची नातवंडे धावली असती आणि कर्करोगातून उठलेली माणसे सकाळी फिरली असती, तेथे मनोरे आणि मॉल उभे आहेत. त्या मनोऱ्यांत व्यायामशाळा आहेत, वर्गणी भरणाऱ्यांसाठी. व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याचे मैदान कोणी नेले ते विचारा.

तरीही वाट पाहत बसण्याचे कारण नाही. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी मूठभर मोकळ्या जागेत मुलामुलींना एकत्र खेळवले, कवायत शिकवली. त्या शाखेत आता आजी-आजोबांना आणि बऱ्या झालेल्या रुग्णांना का बोलावू नये? चार जण ठरलेल्या वेळी दारावर थाप मारतात तेव्हा पाचवा चालायला निघतोच. ही सोबत उभी करायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

दारापर्यंत येणारी तपासणी

चौथी सवय वेळीच तपासणी करून घेण्याची. येथेही आपल्याच भूमीतले पुरावे आहेत. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला एक अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी शिरक्यासारख्या सौम्य आम्लाच्या साहाय्याने गर्भाशयमुखाची तपासणी केली; आणि तपासणी मिळालेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत एक लाखावर स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने, आयुष्यात एकदा केलेल्या एच.पी.व्ही. विषाणूच्या चाचणीनेही या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला दाखवून दिले. हे ज्ञान महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रियांच्या सहभागातून निर्माण झाले. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसले? तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया शंभरांत दोनसुद्धा नव्हत्या! स्तनांची आणि तोंडाची तपासणी झालेल्या शंभरांत एकही पुरी भरत नाही.

यात स्त्रियांचा हलगर्जीपणा आहे असे म्हणणारा माणूस त्यांचा दिवस ओळखत नाही. रोज बुडवून दूरच्या रुग्णालयात रांगेत उभे राहायचे, तेही काही दुखत नसताना, हे चैनीसारखे वाटते. तपासणी दारापर्यंत आली, स्त्रीने स्त्रीची केली, आणि दोष आढळल्यास पुढच्या उपचाराची हमी असली, तर त्या येतात. या दोन अभ्यासांत त्या आल्याच होत्या. दारापर्यंत जाणारी फळी आपल्याकडे आहे. महासाथीत आशा सेविकांनी घरोघर फिरून ताप मोजला, प्राणवायू मोजला. आणि त्याच आशांना जून २०२१ मध्ये वाजवी मोबदल्यासाठी संप करावा लागला. ज्यांच्या पायांवर सारी सार्वजनिक आरोग्यव्यवस्था उभी आहे, त्यांना 'स्वयंसेविका' म्हणून मानधनावर राबवायचे आणि पुन्हा प्रतिबंधाची भाषा करायची, हे ढोंग आहे.

तोपर्यंत प्रत्येकाने काही खुणा लक्षात ठेवाव्यात. तोंडातील जखम तीन आठवड्यांत भरली नाही, गालात पांढरा वा लाल चट्टा आला, तोंड पूर्वीसारखे उघडेना, स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेले, आवाज बसला तो सुधारेना, तर डॉक्टरांकडे जायचे. साथ असली तरी जायचे. अशी प्रत्येक खूण कर्करोगाचीच असते असे नाही. परंतु ती कशाची आहे हे घरी बसून ठरत नाही.

जे उठून बसले त्यांच्यासाठी

आता कर्करोगातून उठलेल्या माणसांविषयी. असे लोक आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत आणि पुष्कळदा ते ही गोष्ट लपवतात. कारण रोग लागट आहे असा खुळा समज शेजारी असतो, मुलीचे लग्न असते, मालकाला कळले तर नोकरी जाण्याची धास्ती असते. महासाथीत त्यांचा एकांत दुप्पट झाला. त्यांना मी चार गोष्टी सांगेन. तंबाखू आणि दारू आता तरी सोडा. रोगाच्या निदानानंतर सोडल्यानेही उपचार अधिक लागू पडतात आणि दुसरा कर्करोग होण्याचा धोका घटतो. थकवा आला म्हणून सतत पडून राहू नका. डॉक्टरांना विचारून रोज थोडे चाला, कारण त्या थकव्यावर बेताचा व्यायाम हाच उतारा ठरतो. डॉक्टर सांगतील त्या लसी घ्या, आणि साथ असेल तेव्हा गर्दीत तोंडाला पट्टी बांधा. विशेषतः रक्ताचा कर्करोग झालेल्यांनी आणि ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी. आणि आपली सारी कागदपत्रे व औषधांची यादी एका पिशवीत ठेवून फेरतपासणीची तारीख कधीही स्वतःहून चुकवू नका.

परंतु त्यांच्यासाठी आपण काय करणार? पुढची महासाथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येणार नाही असेही कोणी म्हणत नाही. ती येण्यापूर्वी आपण काही मागण्या मान्य करून घेतल्या पाहिजेत. साथीच्या काळात कर्करोगाची तपासणी आणि उपचार ही अत्यावश्यक सेवा मानून रुग्ण व सोबत्याला वाहतूक आणि निवारा मिळाला पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणीच केमोथेरपी आणि फेरतपासणी झाली पाहिजे, म्हणजे गडचिरोलीच्या माणसाला परळचा पदपथ गाठावा लागणार नाही. प्रत्येक आरोग्य केंद्रात व्यसनमुक्तीचा सल्लागार हवा. आशा सेविकेला कामगाराचा दर्जा आणि वेतन हवे. उपचारानंतर कामावर परतणाऱ्याच्या नोकरीला संरक्षण हवे. पैसा कोठून आणायचा, असे विचारतील. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च करण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे महासाथीच्या ऐन दुसऱ्या वर्षीसुद्धा, तो खर्च १.८४ टक्के होता. आपण नवे काही मागत नाही. दिलेले वचन मागतो आहोत.

या मागण्यांबरोबर आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःपुरतेही काही ठरवावे. कोणी म्हणेल, समाजव्यवस्था बदलल्याशिवाय माझी सवय बदलणार नाही. ही क्रांतीच्या नावाने केलेली चालढकल आहे. समाजाने सोय करायची असते म्हणून माणसाने आपली जबाबदारी टाकायची नसते. ज्याची चंची आज खिशात आहे त्याने ती आज येथेच ठेवून जावी. दहा वर्षांनी त्याचे कुटुंब कोणत्याही ठरावापेक्षा या एका कृतीबद्दल आपल्या अभ्यासवर्गाचे आभार मानील.

सभा संपल्यावर आपण स्थानकाकडे जाताना त्याच पदपथावरून जाणार आहोत. तेथे पथारी टाकून बसलेल्या माणसांपाशी दोन मिनिटे थांबा. गाव कोणते, औषध मिळाले का, जेवण झाले का, एवढे विचारा. उद्याच्या कामाची यादी तेथे आपोआप तयार होईल.